मॉरिशस की मालदीव? ऑगस्टमधल्या सात रात्रींचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सात रात्री हाताशी आहेत. नवरा-बायको, आठ वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात. नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा डायव्हिंग करायचे आहे, मुलीला कासव बघायचे आहे. समोर दोन पॅकेजे आली आहेत. एक मॉरिशसचे, पूर्व किनाऱ्यावरच्या हॉटेलचे. दुसरे मालदीवचे, सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, जायच्या रिसॉर्टचे. पैसे दोन्हीकडे साधारण सारखेच. कुठे जावे?

आधी उत्तर देऊन टाकते, कारण वीस-बावीस वर्षे बेटांच्याच सहली आखल्यावर एवढे कळले आहे की लोक मधले सगळे सोडून शेवटच्या ओळीवर उडी मारतात. मॉरिशसला जा. पण समोर आलेले पॅकेज घेऊ नका, हॉटेल पश्चिम किनाऱ्यावरचे मागा. आणि हे उत्तर ऑगस्टसाठी आहे, तुम्हा चौघांसाठी आहे. फेब्रुवारीत तुम्ही दोघेच निघाला असता तर मी डोळे मिटून मालदीव म्हटले असते.

फोटोत ही दोन्ही ठिकाणे जुळ्या बहिणींसारखी दिसतात: पांढरी वाळू, वाकलेला नारळ, फिरोजी पाणी. बहिणी आहेतच म्हणा, पण वयात जवळजवळ पाच कोटी वर्षांचे अंतर आहे. पृथ्वीच्या पोटात एक तप्त जागा आहे, तिला रेयुनियन हॉटस्पॉट म्हणतात. वरचे भूकवच तिच्यावरून सरकत गेले आणि ठिकठिकाणी लाव्हा वर येत राहिला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी त्यातूनच दख्खनचा काळा कातळ झाला, म्हणजे आपला सह्याद्री. मग मालदीवच्या खाली असलेली डोंगररांग. आणि अगदी अलीकडे, ८०-९० लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस. आज ती आग शेजारच्या रेयुनियन बेटावर धगधगते आहे.

मालदीवचे ज्वालामुखी केव्हाच बुडाले. त्यांच्या कडेने वाढणारे प्रवाळ तेवढे उजेडासाठी वर वर येत राहिले आणि त्यांच्या चुऱ्याची वाळू साठून बेटे झाली. हा खुलासा डार्विनने १८४२ मध्ये मांडला. अशा कंकणाकृती प्रवाळबेटांना ॲटॉल म्हणतात, आणि हा शब्दच मालदीवच्या दिवेही भाषेतून जगभर गेला आहे. ती वाळू इतकी मऊ का, हे मुलीला जरूर सांगा: त्यातली बरीचशी पॅरटफिश नावाच्या माशांच्या पोटातून आलेली असते. ते चोचीने प्रवाळ कुरतडतात आणि मागून वाळू सोडतात. आठ वर्षांच्या मुलांना यापेक्षा मोठा विनोद नसतो.

या सगळ्याचे सहलीशी काय देणेघेणे? बरेच आहे. मॉरिशसचे सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे आहे. मालदीवमधली सर्वांत उंच नैसर्गिक जागा अडीच मीटरचीही नाही. एका बेटाला आतला भाग आहे: डोंगर, दऱ्या, ऊस, गावे, बाजार. दुसऱ्याला फक्त काठ आहे. तुमचा निम्मा निर्णय इथेच होतो.

माझ्या कामात ‘तिसरी दुपार’ ही खरी कसोटी. पहिला दिवस पोहोचण्यात जातो. दुसऱ्या दिवशी सगळे पाण्यात. तिसऱ्या दिवशी जेवण उरकल्यावर, अडीच-तीनच्या सुमाराला, पाठी भाजलेल्या असतात, मूल कुरकुरायला लागते आणि कोणीतरी विचारते, ‘आता काय करायचं?’ मॉरिशसमध्ये उत्तर सोपे आहे: गाडी काढा. बेट साधारण ६५ किलोमीटर लांब आणि ४५ रुंद, गाड्या डाव्या बाजूने चालतात. शामारेलची सातरंगी माती आहे, ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचे जंगल आहे. पांपलमूसची बाग आहे, तिथल्या तळ्यात परातीसारखी काठ वळलेली कमळाची पाने तरंगतात आणि रस्ते सपाट असल्याने दुखऱ्या गुडघ्यांनाही झेपते. पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून करारावर आणलेले मजूर ज्या पायऱ्यांवरून बेटावर चढले त्या पायऱ्या तिथे आजही आहेत. २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे.

मालदीवमध्ये तिसऱ्या दुपारी उत्तर एकच: पुन्हा पाणी. नाहीतर झोप. रिसॉर्टचे बेट बहुधा दहा-पंधरा मिनिटांत चालून संपते. हा दोष नव्हे, काहींना नेमके तेच हवे असते. एका निवृत्त गृहस्थांना मी भीतभीतच तिकडे पाठवले होते. परत आले ते खुशीत. रोज संध्याकाळी जेटीच्या दिव्याखाली खुर्ची टाकून बसत, पाण्यात नर्स शार्क आणि स्टिंग रे येत, ते वहीत वेळ टिपून ठेवत. याउलट एका आजींचा तिसऱ्या दिवशी फोन आला होता: “अगं, इथल्या माळ्याला किती मुलं, गाव कुठलं, सगळी चौकशी झाली माझी. आता कुणाशी बोलू?”

आता महिना. यात लोक सर्वांत जास्त फसतात, आणि तुमच्यापुढचे पूर्व किनाऱ्याचे पॅकेज हे त्याचेच उदाहरण आहे.

मॉरिशस २० अंश दक्षिणेला आहे, म्हणून ऑगस्ट हा तिथला हिवाळा. शब्दाने घाबरू नका. किनाऱ्यावर दिवसा चोवीसच्या आसपास तापमान असते, हवा कोरडी असते, फिरायला याहून चांगले दिवस नाहीत. पण समुद्र २३ अंशांपर्यंत उतरलेला असतो. मुले तरी शिरतात, मोठी माणसे गुडघ्यापर्यंत जाऊन विचार करतात. आणि आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे याच महिन्यांत सर्वांत जोरात वाहतात. बेटाची पूर्व बाजू त्यांना छाती देऊन उभी असते. मधले पठार आणि डोंगर यांचा आडोसा पश्चिमेला मिळतो. ढगही पठारावरच रिकामे होतात. मधल्या क्यूरपिपला पावसाची रिपरिप चालू असते आणि तासाभराच्या अंतरावर पश्चिम किनाऱ्यावर लख्ख ऊन असते.

बेल मार हा पूर्वेचा किनारा डिसेंबरात स्वर्ग आहे. मी स्वतः तिथे एका ऑगस्टमध्ये चार दिवस राहिले, दर बघून मोहात पडले होते. नाश्त्याच्या टेबलावर कागदी रुमाल काट्याखाली दाबून ठेवावा लागे. चालायला निघाले की वाळू पिंढऱ्यांना सुयांसारखी टोचे. आरामखुर्च्या ओळीने मांडलेल्या आणि सगळ्या रिकाम्या. माणसे भिंतीच्या आड, पोहण्याच्या तलावाच्या कोपऱ्यात गोळा झालेली. दुसऱ्या दिवशी लक्षात आले की किनाऱ्यावरची सुरूची झाडे सगळी एकाच बाजूला कललेली आहेत. हॉटेलच्या जाहिरातीतल्या फोटोतही ती तशीच होती, मीच पाहिली नव्हती. तेव्हापासून कुठल्याही बेटावरच्या हॉटेलचा फोटो आला की मी आधी झाडे बघते, मग पलंग. तुम्हीही बघा. आणि हॉटेलचे स्वतःचे फोटो सोडून पाहुण्यांनी त्याच महिन्यात काढलेले फोटो शोधा. त्यात केस कुठल्या दिशेला उडताहेत तेवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

म्हणून ऑगस्टसाठी फ्लिक आं फ्लाक, त्याला लागून असलेले वोलमार, किंवा वायव्येला त्रू ओ बिश आणि मों श्वाझी. विमानतळ आग्नेय टोकाला आहे, तिथून तासाभराची गाडी. ल मॉर्नचा डोंगर नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे, फोटोत फार देखणा, पण तिथे जगभरचे काइटसर्फर वाऱ्यासाठी येतात. जिथे काइटसर्फर गर्दी करतात तिथे सासूबाईंची खुर्ची मांडू नये. अर्ध्या दिवसाची चक्कर मारा, फोटो काढा, परत या.

पश्चिमेला लगूनचा फायदाही आहे. बेटाच्या जवळजवळ सगळ्या बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे, लाटा बाहेर फुटतात, आत कमरेएवढे शांत पाणी राहते. पोहता न येणाऱ्यालाही त्यात उभे राहता येते. दक्षिणेला ग्रि ग्रिजवळ ही भिंत तुटलेली आहे. तिथे समुद्र बघावा, उतरू नये. एक अट मात्र सगळीकडे: पायात रबरी बूट घालूनच पाण्यात जायचे. तळाशी सी अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यांसारखे प्राणी, असतात आणि क्वचित स्टोनफिशही, जो हुबेहूब दगडासारखा दिसतो आणि ज्याचा काटा विषारी असतो. माझ्या एका गटातल्या तरण्याबांड मुलाने ‘दोन मिनिटांसाठी काय बूट घालायचे’ म्हटले आणि उरलेले दोन दिवस टाचेतून अर्चिनचे काळे काटे काढत बसला.

मालदीव ऑगस्टमध्ये कसे असते? उबदार, दमट, लहरी. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा काळ असतो, दिवेहीत त्याला हुळंगु म्हणतात. पाणी २८-२९ अंश, म्हणजे पोहण्यापुरते पाहिले तर मालदीव सरळ जिंकते. पाऊस कधी अर्ध्या तासात येऊन धुऊन जातो, कधी दोन दिवस मुक्काम ठोकतो. आतला भाग नसलेल्या बेटावर दोन दिवस पाऊस, खोलीत आठ वर्षांची मुलगी आणि पत्त्यांचा एकच जोड, ही कल्पना करून बघा.

पण एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी मी पावसातही मालदीवला जाईन. याच महिन्यांत वाहत येणारे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, बा ॲटॉलच्या पूर्वेकडच्या हनिफारू नावाच्या छोट्याशा खाडीत अडकते आणि ते खायला मांटा रे येतात, कधी डझनांनी. तीन-तीन मीटर पंखांचे प्राणी तोंड उघडून तुमच्या खालून जातात, वळतात, पुन्हा येतात, आणि आपण नळी तोंडात धरून श्वास घ्यायचाच विसरतो. बा ॲटॉल २०११ पासून युनेस्कोचे जीवावरण राखीव क्षेत्र आहे, हनिफारूत सिलिंडर लावून उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग आणि तेही मार्गदर्शकाबरोबर. तुमच्या प्रश्नात ‘मांटा’ हा शब्द असता तर माझे उत्तर कदाचित बदलले असते. तो नाही.

चक्रीवादळांचे एका वाक्यात: ऑगस्टमध्ये दोन्हीकडे तो प्रश्न नाही. मालदीव विषुववृत्ताला इतके जवळ आहे की चक्रीवादळाचा थेट तडाखा तिथे दुर्मीळच, मॉरिशसचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या पावसाने पोर्ट लुईत रस्त्यावरच्या गाड्या वाहून नेल्या होत्या, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीसाठी मॉरिशस विचारणाऱ्यांना मी दोनदा विचार करायला लावते.

सीप्लेनबद्दल थोडे सविस्तर, कारण पॅकेजच्या कागदावर तो एका ओळीत उरकलेला असतो. मालदीव उत्तर-दक्षिण सुमारे ८७० किलोमीटर पसरलेले आहे, बेटे ११९२. तुमचे रिसॉर्ट त्यातले नेमके कुठले, यावर पोहोचण्याचे साधन ठरते. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट: एका कुटुंबाचे विमान दुपारी तीनऐवजी साडेचारला उतरले. शेवटचे सीप्लेन गेलेले. ती रात्र त्यांनी विमानतळाजवळच्या हुळुमालेत काढली, स्वतःच्या पैशाने, आणि रिसॉर्टमधल्या न वापरलेल्या रात्रीचे पैसे गेले ते वेगळे. रिसॉर्टने हात वर केले. नियमात ते बरोबरच होते, चूक माझी होती. मी दीड तासाची फट ठेवली होती. आता आंतरराष्ट्रीय विमान दीडच्या आत उतरत असेल तरच मी सीप्लेनचे रिसॉर्ट सुचवते.

शिवाय सामान. माणशी साधारण २० किलो आणि हातात ५, त्यापुढे किलोवर पैसे. विमान लहान ट्विन ऑटर जातीचे, आत वातानुकूलन नाही, पंख्यांचा आवाज इतका की कानात बोळे देतात. चढायला अरुंद, उभी पायरी, आणि ती तरंगत्या, हलत्या धक्क्यावर. तरुणांना यात मजा येते, मलाही येते. आभाळातून प्रवाळाच्या कंकणांची ती नक्षी बघणे हा निम्मा मालदीव आहे. पण गुडघे दुखणाऱ्या बाईंना ते दोनदा करायचे आहे, जाताना आणि येताना.

याच ओघात दवाखान्याचे. रिसॉर्टवर बहुधा छोटा दवाखाना असतो, कधी डॉक्टर, कधी नर्स. मोठे रुग्णालय राजधानी मालेला. रात्री सीप्लेन नाही, म्हणजे स्पीडबोट, तीही समुद्र असेल तशी. मॉरिशसमध्ये बेटाच्या कुठल्याही कोपऱ्यातून साधारण तासाभरात रुग्णालय गाठता येते. सासूबाईंना गुडघ्यांपलीकडे काही असेल, रक्तदाब, हृदय, साखर, तर पुढचे सगळे न वाचताच मॉरिशस पक्के करा.

पैसे दोन्हीकडे सारखे, असे तुम्ही लिहिले आहे. मालदीवच्या दराशेजारी दोन अधिकचिन्हे आहेत का ते बघा. असतील तर तो दर अर्धवट आहे. १०० डॉलरवर १० टक्के सेवाशुल्क, झाले ११०. त्यावर जुलै २०२५ पासून १७ टक्के पर्यटन जीएसटी, झाले १२८ डॉलर ७० सेंट. वर ग्रीन टॅक्स, रिसॉर्टमध्ये २०२५ पासून माणशी रात्रीला १२ डॉलर. चौघांचे सात रात्रींचे ३३६ डॉलर. सीप्लेनचे भाडे वेगळे, माणशी काही शे डॉलर. आणि जेवण कशात धरले आहे ते बघा, कारण बेटावर दुसरे दुकान नसते, पाण्याची बाटलीसुद्धा रिसॉर्टच्याच दराने. मॉरिशसमध्ये मी हाफ बोर्डच्या, म्हणजे नाश्ता आणि रात्रीच्या जेवणाच्या, पुढे कोणाला जाऊ देत नाही. दुपारी बाहेर पडा, रस्त्याकडेला गरम दोल पुरी मिळते, मऊ, डाळीचे पुरण भरलेली, वर डबल बीची भाजी आणि चटणी. ती कागदात गुंडाळून उभ्याने खायची असते. हॉटेलात बसून जेवण्यात काही अर्थ नाही.

नवऱ्याच्या डायव्हिंगसाठी मात्र मी खोटे बोलणार नाही. पाण्याखाली मालदीव श्रीमंत आहे, मॉरिशस मध्यम. १९९८ आणि २०१६ च्या उष्णतेच्या लाटांत मालदीवचे उथळ पाण्यातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले, तरीही मासे, कासवे, शार्क यांची रेलचेल तिथे जास्त. मॉरिशसच्या लगूनमध्ये प्रवाळ बरेच झिजलेले आहे, त्यातल्या त्यात आग्नेयेकडचे ब्लू बे सागरी उद्यान चांगले. पण पहिल्या डुबकीत माणूस नक्की काय बघतो? मी शंभरेक लोकांना पहिल्या डुबकीनंतर वर येताना पाहिले आहे. प्रत्येकजण कान, मास्क आणि स्वतःचा श्वास याबद्दल बोलतो. माशांबद्दल बोलतो तो तिसऱ्या-चौथ्या डुबकीनंतर. नवशिक्याला १२ मीटरच्या आतच नेतात, आणि तिथे वाहता प्रवाह नसणे हे दहा शार्कांपेक्षा महत्त्वाचे. फ्लिक आं फ्लाकचा आडोशाचा समुद्र त्यासाठी उत्तम. पाणी गार, म्हणून जाड वेटसूट मागायचा. दमा, कानाचे ऑपरेशन असे काही असेल तर डॉक्टरचे पत्र घरूनच घेऊन जावे, नाहीतर तिथे अर्जावर खरे उत्तर लिहिल्यावर उतरू देत नाहीत आणि खोटे लिहिणे जिवावरचे आहे. शेवटच्या डुबकीनंतर १८ तास विमानात बसायचे नाही, मी २४ धरते. म्हणजे डायव्हिंग सहलीच्या सुरुवातीला, शेवटच्या दिवशी नव्हे. मुलीलाही हौस असेल तर आठव्या वर्षापासून ‘बबलमेकर’ नावाचा प्रकार करता येतो, दोन मीटरच्या आत, बहुधा पोहण्याच्या तलावातच.

आता कासव. आपल्या मराठीत एकच शब्द असल्याने इथे घोटाळा होतो. मुलीला पोहणारे कासव बघायचे आहे की चालणारे, हे आधी विचारा. चालणारे असेल तर मॉरिशसला तोड नाही. दक्षिणेला ला व्हानिय उद्यानात अल्डाब्राची अजस्र कासवे मोकळी फिरतात, काहींचे वजन २०० किलोच्या पुढे. त्यांना पाला भरवता येतो, मानेखाली खाजवले की ती मान लांब करून डोळे मिटतात. मॉरिशसची स्वतःची महाकासवे डोडोसारखीच खलाशांनी आणि त्यांनी आणलेल्या प्राण्यांनी संपवली, ही पाहुणी आणून वाढवलेली आहेत. पोहणारे कासव हवे असेल तर वायव्य किनाऱ्यावर त्रू ओ बिशच्या बाजूला बोटीने नेतात, बहुधा दिसते, पण हमी नाही. मालदीवमध्ये चांगल्या रीफवर ते जवळजवळ रोजचे आहे.

तेवढ्यासाठी मालदीवच हवे, असे घरात ठरले तर निदान पॅकेज बदला. स्पीडबोटीने अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येईल असे रिसॉर्ट निवडा, म्हणजे मालेच्या आसपासच्या काफू ॲटॉलमधले. ‘हाउस रीफ (बेटाला लागूनच असलेले प्रवाळ) आहे का, आणि किनाऱ्यापासून किती मीटरवर?’ हा प्रश्न लेखी विचारा. नुसते ‘सुंदर लगून’ असे उत्तर आले तर समजा की तळाशी वाळूच आहे, मासे बघायला रोज बोटीचे पैसे पडतील. वॉटर व्हिला, म्हणजे पाण्यात खांबांवर उभी केलेली खोली, नको. आठ वर्षांचे मूल, कठडा नसलेला ओटा आणि खाली खोल पाणी. काही ठिकाणी लहान मुलांना तिथे ठेवूच देत नाहीत. जमिनीवरची खोली घ्या, जेवणघराजवळची. घड्याळाबद्दलही विचारून घ्या: पुष्कळ रिसॉर्ट मालेच्या तासभर पुढची स्वतःची वेळ पाळतात आणि परतीच्या दिवशी त्यावरून गोंधळ होतो. आणि सासूबाई प्रवासात पूजेची छोटी मूर्ती बरोबर नेत असतील तर ती घरीच ठेवावी लागेल. मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती आणायला मनाई आहे, दारूलाही. व्हेप, म्हणजे ई-सिगारेटही नको. स्थानिक बेटांवरची गेस्टहाउसे, माफुशीसारखी, खूपच स्वस्त पडतात, पण तिथे पोहायच्या कपड्यांचे नियम वेगळे आणि शुक्रवारी सरकारी फेरीचा भरवसा नाही, म्हणून पहिल्या खेपेला कुटुंबासह मी सुचवत नाही.

सात रात्रींत दोन्ही ठिकाणे करता येतील का, असे पुढचे पत्र येईल, म्हणून आत्ताच सांगते: नाही.

आणि एक गोष्ट तुमचा प्रश्न दुसऱ्यांदा वाचताना खटकली. नवऱ्याला काय हवे ते तुम्ही लिहिले, मुलीला काय हवे तेही. सासूबाईंचे फक्त गुडघे लिहिलेत. त्यांना विचारले का? गंगा तलावाला जायला आवडेल त्यांना, असे वाटते. ज्वालामुखीच्या विवरातले तळे, सुमारे ५५० मीटर उंचीवर, काठाला देवळे, वाटेवर ३३ मीटर उंच महादेव. गाडी अगदी जवळ जाते. ऑगस्टमध्ये तिथे धुके आणि बोचरा गारवा असतो, शाल हवीच, आणि माकडांपासून प्रसाद सांभाळायला हवा. मॉरिशसमध्ये मराठी वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एकदा तिथल्या काठावर एका बाईंनी माझे बोलणे ऐकून ‘तुम्ही मराठी?’ असे विचारले होते, पुढचे सगळे तिथल्या क्रिओल बोलीत, आणि तरी आम्ही वीस मिनिटे बोललो. पण हा माझा अंदाज झाला. कदाचित त्यांना सात दिवस नुसते पाण्याकडे बघत बसायचे असेल. तसे असेल तर मला पुन्हा लिहा, काफू ॲटॉलमधली जेटीला बाक असलेली दोन-तीन नावे मी काढून ठेवते.

तोवर एक काम, बेट कुठलेही ठरो. मुलीच्या मापाचा मास्क आत्ताच विकत घ्या. भाड्याचे मास्क मोठ्यांच्या चेहऱ्याचे असतात, कपाळापाशी पाणी शिरते, मूल एकदा घाबरले की पूर्ण आठवडा पुन्हा तोंड पाण्यात घालत नाही. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवा आणि तिला नाकाने श्वास ओढायला सांगा. हात सोडल्यावर तो तसाच चिकटून राहिला तर माप बरोबर. मग रोज संध्याकाळी बादलीत पाणी घेऊन दहा मिनिटे, नळी तोंडात, डोळे उघडे. तळाशी एखादे नाणे टाकून ठेवा.